निम्म्याचं निम्मं

७ जानेवारी, रुग्णालय

आई,

मायन्यालाच अडले बघा. तीर्थरूप लिहावं, तर घटस्फोटाच्या कागदानं ते सासू-सुनेचं नातं काढून घेतलेलं. 'काकू' लिहावं, तर हात उचलत नाही. तेव्हा 'आई'च. खटकलं तर खोडा.

हे पत्र तुम्हाला इतक्यात मिळणार नाही. आज सकाळी मला ती गोळी दिली. शिशाच्या जाड डबीतून आणली. एवढीशी गोळी, पण आणणाऱ्यानं ती जावयासारखी जपत आणली. गळ्यातली गाठ डॉक्टरांनी काढली, तरी थायरॉइडचे काही कण मागे राहिले असले तर हे किरणोत्सर्गी आयोडीन त्यांना शोधून मारतं. पण ते अंगात असेपर्यंत किरणं माझ्यातून बाहेर पडत राहणार. घामातूनही ते बाहेर येतं. म्हणून माझा हात लागलेला प्रत्येक कागद पिशवीत जाणार आणि मीटरवाले 'हं' म्हणेपर्यंत तिथेच राहणार.

मीटरवाले म्हणजे इथले किरणं मोजणारे अधिकारी. दाराशी आखलेल्या पिवळ्या रेघेपलीकडे उभे राहतात, हातातलं यंत्र माझ्यावर रोखतात, आकडा टिपतात आणि जातात. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारता येतं. यांना तेही नाही.

फोन आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पण मी फोन केला की तुम्ही 'घे, तुझी आई' म्हणून भिंगरीच्या हातात देता. सहा वर्षांच्या लेकीशी मी किती बोलणार? ती दोन वाक्यं बोलते आणि पळते. उगाच नाही तिला भिंगरी म्हणत. तुमच्याशी बोलायचं तसंच राहतं. म्हणून हा कागद.

पहिलं सांगायचं ते हे, की तुम्ही आलात.

तुमचा मुलगा घर सोडून गेला, दुसरीकडे संसार मांडला, तेव्हा तुम्ही त्याच्या बाजूनं उभ्या राहिलात. आईनं मुलाच्या बाजूनं उभं राहू नये असं मी म्हणत नाही. पण चार वर्षांत एक फोन नाही, आई. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. आणि तरी, गोळीनंतर तीन आठवडे लेकीला जवळ घ्यायचं नाही म्हटल्यावर तिला ठेवायचं कुठे या चिंतेनं मी अर्धी झाले होते, तेव्हा दाराची बेल वाजली आणि समोर तुम्ही. कोणाकडून कळलं, ते अजून सांगितलं नाहीत. हातात जड बॅग. 'मी भिंगरीसाठी आलेय,' म्हणालात. 'तुझं माझं काही नाही. काम झालं की निघाले.' मग चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेलात आणि माझे डबे चुकीच्या फळीवर आहेत म्हणून मला फैलावर घेतलंत.

इतकं बरं वाटलं मला त्या बोलण्यानं. गेली चार वर्षं माझे डबे कुठल्या फळीवर आहेत, याची कोणाला पडलेलीच नव्हती.

गोळीआधी माझं आयोडीनचं मीठ बंद होतं. तुम्हीही माझ्याबरोबर अळणी जेवलात. विचारलं तर म्हणालात, 'दोनदा कोण रांधणार?' मी मान खाली घालून जेवले. तोंड वर केलं असतं तर रडले असते.

भीती मला आजाराची नाही, तेवढी नाही. भीती ही आहे, की अंगातलं हे ओसरलं की तुमचं काम संपणार आणि तुम्ही बोलल्याप्रमाणे खरंच निघणार. बाकीचे रोगी बरं व्हायची घाई करतात. माझं सगळं उफराटंच.

९ जानेवारी, रुग्णालय

आई,

आज मीटरवाल्यांना जरा वेळ होता. मी विचारलं, 'साहेब, हे संपणार कधी?' ते म्हणाले, 'संपत नाही, निम्मं होतं.'

पाणी भरपूर प्यायलं की बरंचसं पहिल्या काही दिवसांतच वाहून जातं. मागे राहतं ते मात्र आपल्या चालीनं जातं. आठ दिवसांत निम्मं. पुढच्या आठ दिवसांत राहिलेल्याचं निम्मं. त्यापुढे त्याचं निम्मं. जितकं जास्त असेल तितकं जास्त जातं, कमी उरलं की कमी जातं. शेवटी असून नसल्यासारखं.

हे सांगताना त्यांना वाटलं असावं, की बाईला काही कळणार नाही. पण माझा जन्म त्यातच चाललाय. पोहण्याच्या तलावाचं पाणी राखायचं म्हणजे दुसरं काय? मोसम संपेपर्यंत आमचं पाणी क्षारांनी जड होतं. सगळं फेकून द्यायला परवडत नाही, म्हणून निम्मं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. क्षार निम्मे झाले. पुन्हा निम्मं काढलं तर पाव राहिले. नवीन लागलेला माणूस हटकून म्हणतो, 'दोनदा निम्मं काढलं, म्हणजे सगळं गेलं की!' दुसऱ्या खेपेला काढलेल्या पाण्यात निम्मं नवंच असतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

संध्याकाळी फोनवर भिंगरीला म्हटलं, 'आजीला सांग, आठ दिवसांत निम्मं जातं.' ती ओरडली, 'आजी, आठ दिवसांत निम्मं जातंय!' आणि फोन ठेवून पळाली. पुढचं राहिलं. राहिलं तर राहिलं, इथे लिहून ठेवलंय.

१२ जानेवारी, तलावावरची खोली

आई,

कालच इथे आले. तलाव थंडीपुरता बंद आहे, फरशा बदलायच्या म्हणून रिकामा केलाय. पंपघरावरची ही खोली व्यवस्थापकांनी मला दिली. मी इथे आणि तुम्ही माझ्या घरात, माझ्या लेकीशेजारी, माझ्या उशीवर. मजा आहे की नाही?

जेवणाचा डबा बगळेभाऊ आणून देतात. हे आमचे जीवरक्षक, पन्नाशी उलटलेले. मोसमात एका पायावर उभं राहून शिट्टी वाजवतात म्हणून बगळे. डबा पायरीवर ठेवून ते चार पावलं मागे जातात आणि मग बोलतात. डब्यात काय असेल ते मला वासावरूनच कळतं, आणि त्यात मीठ परत आलंय हेही. बगळेभाऊ म्हणाले, 'तुमच्या सासूबाई आधी चव घेतात, मगच झाकण लावतात.' माझ्या सासूबाई! मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

आज रिकाम्या तलावाकडे बघत बसले होते. कोपऱ्यात अवकाळी पावसाचं पाणी साचलंय आणि त्यात शेवाळं धरायला लागलंय, नखाएवढं. याच शेवाळ्यानं एकदा आमच्या जुन्या साहेबांची झोप उडवली होती. पाण्याला हिरवी झाक आलीय, आजच औषध टाकू, असं मी म्हणत होते. ते म्हणाले, 'एवढंसं तर आहे, सुट्टीनंतर बघू.' पण एवढंसं कधी एवढंसं राहतं का? ते रोज दुप्पट होत होतं. दुप्पट होणारी गोष्ट बरेच दिवस कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तलाव निम्मा हिरवा दिसला की माणूस म्हणतो, अजून निम्मा शिल्लक आहे. आणि दुसऱ्याच दिवशी तळ दिसत नाही. सुट्टीवरून आलेले साहेब काठावर उभे राहून म्हणाले, 'एका दिवसात कसं झालं हो हे?' मी म्हटलं, 'एका दिवसात नाही साहेब, शेवटच्या दिवसात.'

गळ्यातल्या गाठीचंही तसंच. सगळ्यात आधी ती कोणाला दिसली माहीत आहे? भिंगरीला. केस विंचरून घेताना आरशात बघून म्हणाली, 'आई, तुझ्या गळ्यात गोटी आहे.' मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. लेकीचे उपकार फेडता येत नसतात, नाहीतर तिला काय देऊ आणि काय नको असं झालं असतं.

१८ जानेवारी, तलावावरची खोली

आई,

तुम्ही मला सांगितलं नाहीत. बगळेभाऊंनी सांगितलं, कारण त्यांची नात त्याच शाळेत आहे.

भिंगरीनं शेजारच्या बाकावरच्या मुलीला सांगितलं म्हणे, 'माझ्या आईच्या अंगात उजेड आहे.' तिनं दोघींना सांगितलं. त्या दोघींनी आणखी दोघीदोघींना. मधल्या सुट्टीपर्यंत एक बाक, शाळा सुटेपर्यंत वर्ग, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी आया गोळा. आणि बातमी नुसती वाढते कुठे? तिला पायही फुटतात. आधी आईच्या अंगात उजेड होता, मग तो लेकीच्या अंगात आला, मग तिच्या डब्यात. भिंगरी एकटी बसून डबा खात होती, दोन दिवस. फोनवर मला बोलली नाही. सहा वर्षांची पोर माझ्यापासून लपवायला शिकली.

मग तुम्ही फाटकाशी गेलात. बगळेभाऊंनी मला नक्कल करून दाखवली, चार पावलं मागे उभं राहून. कमरेवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, 'माझी सून आजारी आहे आणि औषध घेतेय. औषध घेतल्यापासून ही पोर तिच्याजवळ गेलेली नाही. हिच्या अंगात काही असतं तर मला आधी बाधलं असतं, रोज रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपते ती!' एक आई म्हणे तरीही कुरकुरली. तिला तुम्ही हाताला धरून घरी नेलंत, चहा पाजलात, रुग्णालयाचा कागद दाखवलात. दुसऱ्या दिवशी तिनंच दोघींना सांगितलं, की अहो तसं काही नाही. आणि आठवड्याच्या आत भिंगरीच्या बाकावर बसायला भांडणं. खरी गोष्टही दुप्पट होत जाते, आई. फक्त पहिल्या दोघींना कोणीतरी धरून आणावं लागतं, आणि ते तुम्ही केलंत.

'माझी सून.' बगळेभाऊंना मी ते दोनदा म्हणायला लावलं. ते म्हणाले, 'ऐकू येत नाही का? मला फक्त आणखी मागे जाता येईल, पुढे नाही येता येत.' येत होतं ऐकू. नीटच येत होतं.

तुम्ही हे शब्द चारचौघांत बोललात आणि माझ्याशी फोनवर अजून 'घे, तुझी आई'च्या पुढे जात नाही. असू दे. ज्याला मिळालेल्यात समाधान नाही, त्याला काहीच पुरत नाही, असं मी स्वतःला सांगते. आणि पटत नाही.

२३ जानेवारी, तलावावरची खोली

आई,

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घ्या.

सकाळी फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही, नव्या फ्रॉकमधली भिंगरी, आणि ती जड बॅग. आधी आनंद झाला. मग बॅगेकडे पाहिलं. खाली धावले. मध्ये रिकामा तलाव, त्या काठावर तुम्ही, या काठावर मी.

'आठ दुणे सोळा!' तुम्ही म्हणालात. 'आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठात राहिलेलं निम्मं. झालं. सांभाळ तुझी लेक. माझी सहाची गाडी आहे.'

मी तोंड उघडेपर्यंत भिंगरी सुटली. दोन्ही हात पसरून, 'आई' करत. आणि मी पळाले. स्वतःच्या लेकीपासून पळणारी आई पाहिलीत ना आज? तिला वाटलं, हा खेळच आहे. ती खिदळत मागे, मी पुढे, तलावाच्या काठाकाठानं. मग मागे वळून पाहिलं तर ती अगदी कडेवरून धावत होती आणि खाली दोन पुरुष खोल फरशी. मोसमात वापरते तो आवाज काढून मी ओरडले, 'बस खाली!' ती मटकन बसली. मग असा टाहो फोडला, 'आईला मी नकोय!' फाटकातून धावत आलेल्या बगळेभाऊंनी तिला उचललं. मला उचलता आलं नाही. हे मी नुसतं लिहितेय, पण अजून तिथेच उभी आहे.

आणि आपण दोघी खड्ड्याच्या दोन बाजूंनी भांडत होतो.

'हिशेब मलाही येतो!'
'निम्मं गेलं की उरलेल्याचं निम्मं जातं, आई! सोळा दिवसांनी पाव उरतं!'
'मग संपतं कधी?'
'संपत नाही! चालण्याइतकं कमी होतं!'
'असलं कसलं औषध ते!'

आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू ते मीच घरी बनवलंय. मग हुंदके देणाऱ्या भिंगरीला एका हातात आणि बॅग दुसऱ्या हातात घेऊन निघून गेलात. वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

मीटरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, 'अहो, एका मिठीनं आभाळ कोसळलं नसतं.' मला ठाऊक होतं ते. पण ती मिठी सोडवणार कोण होतं? भिंगरी नाही आणि मी तर नाहीच. एकीच्या दोन झाल्या असत्या, मग रात्री कुशीत, मग रोजच. तुम्ही सहाच्या गाडीनं गेला असतात आणि मी तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं असतं. अजून पाच दिवस थांबायचंय म्हणतात ते.

सहा वाजून गेले. फोन करायचा धीर होत नव्हता. सव्वासहाला तोच वाजला. भिंगरी.

'आई, आजीनं ग्लासात शाई टाकलीय.'
'आजी आहे तिथे?'
'बेसिनपाशी. निम्मं ओतते आणि निम्मं पाणी भरते. अजून निळं आहे.' पाण्याचा आवाज. 'आता पण निळं आहे. आई, थोडंसंच. आता पाण्यासारखं दिसतंय, पण आजीनं खाली पांढरा कागद धरला तर अजून आहे.'
मागून तुमचा आवाज आला, 'आहे म्हणावं अजून. आणि तिला म्हणावं जेवून घे.'

गाडी चुकली की तुम्ही सोडलीत, मी विचारलं नाही. भिंगरीला सांगितलं, तू मला खूप हवी आहेस, इतकी की जवळ आलीस तर मी सोडणारच नाही, म्हणून पळाले. ती म्हणाली, 'आजीनं सांगितलं मला ते.' तुम्ही सांगितलंत. मी सांगायच्या आधीच.

जेवले मी. सगळा डबा संपवला.

२५ जानेवारी, तलावावरची खोली

आई,

हे पत्र मी तुमच्यासमोर बसून लिहितेय आणि तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुम्ही झोपल्या आहात.

आज भिंगरी शाळेत असताना तुम्ही एकट्या आलात. मी खिडकीतून ओरडले, 'डबा पायरीवर ठेवा आणि मागे व्हा!' तुम्ही डबा घेऊन सरळ जिना चढलात. मी भिंतीला चिकटले. तुम्ही धापा टाकत म्हणालात, 'त्या मीटरवाल्याला भेटून आलेय. म्हटलं, माझी सत्तरी जवळ आली, मला काय होणार आहे? तो म्हणाला, लहान मुलांचं वेगळं आणि तुमचं वेगळं. तासभर बसा खुशाल.' मग इकडेतिकडे पाहिलंत. 'काय गं ही खोली! आणि मफलर कुठाय तुझा?'

खुर्ची ओढून तुम्ही माझ्यापुढे बसलात आणि म्हणालात, 'बघू.' मी मान वर केली. तुमचं बोट टाक्यांच्या वणावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. गोळी घेतल्यापासून मला कोणाचा हात लागला नव्हता, आई. डॉक्टर, नर्स, सगळे रेघेपलीकडून. मी इतकी रडले, की तुम्ही घाबरून बोट मागे घेतलंत, 'दुखलं का?' मी मान हलवली. तेव्हा तुम्ही अख्खा तळवा गळ्यावर ठेवलात आणि ठेवूनच दिलात.

रुग्णालयातून निघताना काढलेल्या स्कॅनचं सांगितलं. दुसरीकडे कुठे काही दिसलं नाही म्हणून. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात, अगदी मीटरवाल्यांसारखं. मग म्हणालात, 'फोन करायला हवा होता मी. तेव्हा.' चार वर्षांवर तुम्ही एवढंच बोललात. मला पुरलं. माझा राग कुठे गेला असं मला विचारू नका, तो आहे, शोधला तर सापडेल. पण तुमच्या हाताखाली मला तो शोधावासा वाटला नाही.

आणि बोलता बोलता तुमचा डोळा लागला. रात्री भिंगरीचे पाय पोटावर, पहाटे तिचा डबा, मग माझा, मग रुग्णालय, मग हा जिना. थकणारच. तोंड थोडं उघडं आहे, चष्मा नाकावर घसरलाय आणि एक हात अजून माझ्या पलंगाच्या कडेवर आहे.

तास होत आला. नियम तो नियम, उठवायला हवं तुम्हाला. हे वाक्य संपलं की उठवते, म्हणून ते लांबवतेय, की तुम्ही आलात याचे आभार, अळणी जेवलात त्याचे, माझ्या लेकीचा हात धरून फाटकाशी उभ्या राहिलात त्याचे, माझे डबे हलवलेत त्याचेसुद्धा, ते आता तिथेच राहू देत, आणि आज तिच्या शाळेच्या वेळात इतका जिना चढून आलात त्याचे तर कसे मानू तेच कळत नाही.

उठा आई. भिंगरीची शाळा सुटेल.